एकाच स्टेशनवरची नोंद

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, पाहुणे पांगले आणि वाघमारे काका माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसले. काकूंना जाऊन आठवडा झाला होता. काकांनी एकच विचारलं, "मॅडम, मशीन त्या दिवशी चालू होतं ना?"

चालू होतं. ते माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

मी हैदराबादच्या एका विद्यापीठात भूकंपशास्त्र शिकवते. हे ऐकलं की लोक आधी विचारतात, पुढचा भूकंप कधी? सांगता येत नाही म्हटलं की त्यांचा रस संपतो. त्या वर्षी मात्र संपत नव्हता. दिलसुखनगरच्या मागच्या काही वसाहतींत पावसाळ्यानंतर जमिनीतून गडगड ऐकू यायची, फळीवरची भांडी थरथरायची. आपलं शहर ग्रॅनाइटवर बसलंय. पाणी खडकाच्या भेगांत उतरलं की असे बारीक धक्के बसू शकतात. ते नेमके कुठून येतात हे शोधायला आम्हाला पाच घरांत सिस्मोमीटर ठेवायचे होते. सिस्मोमीटर म्हणजे जमिनीची थरथर टिपणारं यंत्र, आकाराने तेलाच्या डब्याएवढं.

लोक दारातूनच हाकलत. या यंत्रामुळेच धक्के बसतात, अशी अफवा होती. वाघमारे काकांनी मात्र आत बोलावलं. काका पोस्टातून रिटायर झालेले, मूळचे नांदेडकडचे. माझं मराठी ऐकून त्यांचा चेहरा खुलला. "ठेवा की मॅडम. आम्ही दोघंच राहतो, जागाच जागा हाय," म्हणाले. त्यांची मागची खोली थेट खडकावर बांधलेली. आम्हाला याहून चांगली जागा मिळाली नसती.

अडचण होती ती काकूंची. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. त्या खोलीलगतच्या सपाट व्हरांड्यात काठी टेकत फेऱ्या मारायच्या. आमच्या स्क्रीनवर त्यांचं पाऊलन् पाऊल उमटायचं. जमिनीचं नसलेलं, माणसांनी किंवा गाड्यांनी केलेलं जे काही हलतं, त्याला आम्ही नॉइज म्हणतो. रोज सकाळी तास-दीड तास नुसता नॉइज. एकदा मी गोड आवाजात म्हटलं, "काकू, फेऱ्या जरा दुसरीकडे मारता येतील का?"

त्यांनी वाद घातला नाही. "हौ, बाजूच्या बोळात फिरते ना," म्हणाल्या आणि निघताना मला शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. त्या बोळात शहाबादी फरश्या होत्या, उंचसखल, एकदोन हलणाऱ्या. मी त्या पाहिल्या होत्या. पण यंत्रापासून त्या किती लांब आहेत, तेवढंच मोजलं.

त्या दिवशी काका किराणा आणायला बेगम बाजारला गेले होते. मी विद्यापीठात स्क्रीनसमोर बसले होते. पाचही स्टेशनांच्या, म्हणजे त्या पाच घरांतल्या यंत्रांच्या, रेषा समोर सरकत होत्या. नऊ बावन्नला वाघमारेंच्या रेषेवर एक ठळक ठोका उमटला. बाकीच्या चार रेषा सपाट. आमचा नियम साधा आहे. निदान तीन स्टेशनांवर जवळपास एकाच वेळी दिसलं, तरच भूकंप मानायचा. एकाच स्टेशनवर दिसलं तर ते त्या घरातलं काहीतरी, सोडून द्यायचं.

थोड्या वेळाने त्याच रेषेवर बारीक ठोके सुरू झाले. तीन-चार ठोके, मग शांत. पुन्हा तीन-चार. मी वैतागले. एवढं सांगूनही या बाई काहीतरी कुटत बसल्यात, असं मनात आलं. संध्याकाळी फोन करून पुन्हा समजावू, असं ठरवलं. मग तो तुकडा निवडला, त्यावर 'नॉइज' असा शेरा मारला आणि कँटीनमध्ये चहा प्यायला गेले. परत आले तेव्हा रेषा सपाट होती. मला बरं वाटलं.

काका घरी आले तेव्हा काकू बोळात पडलेल्या होत्या, हातात काठी तशीच. शेजारच्या कोचिंग क्लासचा जनरेटर चालू होता, त्यामुळे कुणाला काही ऐकू गेलं नव्हतं. डोक्याला आतून मार बसला होता. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टर म्हणाले, त्या आधीच गेल्या होत्या.

काकूंबद्दल कळलं त्या संध्याकाळी मी ती नोंद पुन्हा काढून पाहिली. काठीचे ते ठोके जवळजवळ चाळीस मिनिटं चालू होते. दर खेपेला थोडे कमी, थोडे हलके.

आणि आता काका विचारत होते. त्या दिवशी बाजारातून येताना ते नामपल्लीला एका जुन्या दोस्ताकडे थांबले होते. अर्धा तास, चहापुरते.

"पडल्या पडल्या गेली असल तर ठीक हाय," ते म्हणाले. "नाहीतर तो चहा मला..."

"लगेच गेल्या, काका. एकच ठोका आहे. नंतर काही नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि आभार मानले. तीस वर्षं मी विद्यार्थ्यांना बजावत आले की नोंदीत जे आहे तेच वाचा, हवं ते वाचू नका. दोनएक दिवस मी स्वतःची समजूत घातली की हे खोटं दयेपोटी होतं. मग कबूल करावं लागलं. त्या खोट्याखाली काकांचा चहा झाकला गेला होता हे खरं, पण माझाही झाकला गेला होता.

चौथ्या दिवशी लॅपटॉप घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. बोळात फिरायला मीच पाठवलं, चाळीस मिनिटं ठोके येत होते, मी ते पाहिले, शेरा मारला, उठून गेले. मला रडू आवरेना. काकांनी पाणी आणून दिलं आणि नोंद दाखवा म्हणाले. स्क्रीनवर बोट ठेवून त्यांनी एकेक ठोका शेवटपर्यंत मोजला.

"म्हंजे तुम्हाला ऐकू जात होतं."

"हो."

"मला वाटत होतं, कुणालाच गेलं नाही."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही. खरं सांगून त्यांचं दुःख हलकं केलं की दुप्पट केलं, हेही मला आजवर ठरवता आलेलं नाही. मशीन घेऊन जा, एवढंच ते म्हणाले. वायर त्यांनीच गुंडाळून दिली. त्यानंतर माझा फोन ते उचलत नाहीत.

उरलेल्या चार स्टेशनांवर आमचं काम भागलं. धक्के लहान आणि उथळ निघाले. त्यांनी कुणालाही इजा झाली नाही, असं मी अहवालात लिहिलं आणि ते खरंच आहे.

तीन स्टेशनांचा नियमही बरोबर आहे. मी तो अजून शिकवते. फक्त फळ्यावर लिहून झाल्यावर आता एवढं जास्त सांगते, की एकाच स्टेशनवर काही दिसलं तर तो भूकंप नाही, त्या घरी फोन करा.