मुनिरेचे वाकडे जोड

आमच्या तुर्कस्तानातल्या अखिसारात मुलीचं रुखवत मांडतात ते पाहुण्यांनी डोळे भरून पाहावं म्हणून, असं सांगायची पद्धत आहे. खरं म्हणजे ते पालथं करून पाहण्यासाठी मांडतात. आत आलेली बाई तोंडाने ‘माशाल्ला’ म्हणते आणि हाताने क्रोशाच्या पलंगपोसाचा कोपरा उलटते. सुलट बाजू काय, कुणीही चांगली दाखवतं. फेरी कुठे सुरू झाली, कुठे जोडली, दोऱ्याचं टोक कुठे दडवलं हे उलट बाजूला कळतं, आणि तेवढ्यावरून पोरीचा स्वयंपाक, स्वभाव आणि तिच्या आईची अक्कल यांचा निकाल तिथल्या तिथे लागतो.

या निकालांच्या भीतीवर मुनिरेचं पोट चालायचं. पंचवीस वर्षं तंबाखूची पानं ओवून झाल्यावर गुडघ्यांनी संप केला, तेव्हापासून ती हेच करत होती. ज्या मुलींना स्वतःचं रुखवत विणायला वेळ नाही, धीर नाही किंवा मुळात हातच नाही, त्यांचं ती गुपचूप विणून द्यायची. गुपचूप विणून देणाऱ्या गावात छप्पन होत्या. मुनिरेची खुबी वेगळी. ती आधी मुलीला समोर बसवून एक चौकोन विणायला लावायची, तिच्या सगळ्या खोडी टिपून घ्यायची आणि पुढचे दीडशे चौकोन त्याच खोडींसकट विणायची. न जाणो, भर रुखवतात कुणी पोरीच्या हातात सुई दिली तर?

नुर्तेन फेरीच्या सुरुवातीच्या तीन साखळ्या इतक्या सैल घालायची की पहिल्या खांबाच्या, म्हणजे उभ्या टाक्याच्या, जागी खिडकी पडायची. मुनिरेने तिच्या पलंगपोसात शेकड्यांनी खिडक्या पाडल्या. पेरिहान फेरी जोडताना तिसऱ्या साखळीऐवजी दुसरीतच सुई खुपसायची, त्यामुळे चौकोन एका अंगाने लंगडायचा. मुनिरेने अख्खा पलंगपोस लंगडा केला. एका पोरीच्या सगळ्या फेऱ्या एकाच कोपऱ्यातून निघायच्या आणि पोटाच्या ऑपरेशनसारखा वळ उठायचा. तोही मुनिरेने इमानाने उठवला. निम्म्या गावाची अंथरुणं तिच्या हातची होती आणि एकातही तिचा हात नव्हता.

याचं तिला दुःख होतं, आणि थोडा माजही होता. तिचा स्वतःचा चौकोन दोऱ्याच्या फासावर सुरू व्हायचा. फास ओढला की मधलं भोक मिटायचं. पुढच्या फेऱ्यांना तीन साखळ्यांची कुबडी ती द्यायचीच नाही. सुईवर टाका घेऊन थेट खांब उभा करायची, आणि दर फेरी वेगळ्या कोपऱ्यातून. फेरी संपली की दोरा कापायची आणि शिवणाच्या सुईने पहिल्या खांबाच्या डोक्यावरून असा फिरवून आणायची की तो खोटा टाका खऱ्यांत बेमालूम मिसळून जायचा. पण असला चौकोन कुणालाच नको होता. एकदा, फक्त एकदा, गावातल्या बायांनी आपला हात पाहावा, एवढीच तिची इच्छा होती.

त्या उन्हाळ्यात औषधवाल्याची बायको सादेत तिच्याकडे आली. मुलगी तुलिनचं लग्न ठरलं होतं, आणि नवऱ्या मुलाची आत्या होती मकबुले. सगळं गाव तिला मकबुले हाला, म्हणजे मकबुले आत्याच, म्हणायचं. पलंगपोस पालथा करण्यात तिचा हात धरणारी बाई तालुक्यात नव्हती.

“माझ्या पोरीच्या खोडी नकोत हं त्यात,” सादेत म्हणाली. “तिचा जोड म्हणजे पेरूतली बी. तू तुझ्या हाताने कर, मुनिरे. हालाने बोटं झिजवली तरी जोड सापडता कामा नये.”

“आणि कुणी तुलिनच्या हातात सुई दिली तर?”

“कोण देतंय! औषधवाल्याची लेक आहे ती.”

मुनिरेने इथेच हात जोडून नाही म्हणायला हवं होतं. पण इच्छेपुढे अक्कल कुठली टिकते? आठ महिने तिने मान वर केली नाही.

रुखवताच्या दिवशी भिंतीभर चादरी, उशांचे अभ्रे, टीव्हीवर जाळी, फ्रिजवर जाळी आणि मधोमध पलंगावर तो पलंगपोस. मुनिरे शेजारीण म्हणून चहाचा पेला धरून कोपऱ्यात बसली.

मकबुले हालाने कोपरा उलटला. बोट फिरवलं. दुसरा कोपरा उलटला. चष्मा घातला. बाया चीज भरलेले बोरेक चावायच्या थांबल्या.

“सादेत हानुम,” हाला शेवटी अदबीने म्हणाली, “कुठल्या दुकानातून आणलंस?”

“दुकानातून? इश्श! तुलिनने रात्रंदिवस डोळे फोडलेत!”

“डोळे फोडले असते तर जोड दिसला असता. माणसाच्या हाताला जोड असतो. हे कारखान्याचं आहे.”

तुलिन पांढरीफटक पडली. विकतचं रुखवत घेऊन सासरी जाणाऱ्या पोरीला आमच्याकडे जन्मभर ‘पाकिटातली’ म्हणतात. मुनिरेला तुलिनची कीव आली, हे खरं. पण त्याच्या दसपट ती संतापली. आठ महिन्यांच्या तिच्या हाताला कारखाना म्हणाली ही बाई!

“हाला, कारखान्याची जाळी अशी फेरी-फेरीने उसवते का?” ती उठली. कोपऱ्यातला चौकोन शिवणीतून सोडवला, हालाला न सापडलेलं टोक नखाने वर काढलं आणि ओढलं. बाहेरची फेरी खांबाखांबाने सुटत गेली, कुरळा दोरा तिच्या मांडीवर पडला.

“हाताचं आहे गं!” नुर्तेन ओरडली.

मुनिरेने बसून चहाचा एक घोट घेतला. तिचा मान तेवढाच टिकला, कारण हालाने तो दोरा आणि आपल्या पिशवीतली सुई तुलिनसमोर धरली.

“हाताचंच आहे, मान्य. मग घाल बरं ही फेरी परत.”

तुलिनने मुनिरेकडे पाहिलं. मुनिरेने पेल्यात पाहिलं. बिचारीने तीन साखळ्या घातल्या, खांब मोजताना दोनदा चुकली, आणि शेवटी सुई कुठेतरी खुपसून असा जोड मारला की तो लांबूनही दिसला.

आतल्या फेऱ्या एका हाताच्या आणि बाहेरची दुसऱ्याच, हे आंधळीलाही कळलं असतं. पण त्या खोलीत बसलेल्या निम्म्या बाया ज्या पलंगपोसावर झोपत होत्या, तो कुणी विणलाय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एकीने तोंड उघडलं असतं तर सगळ्यांच्या गाद्या उलटल्या असत्या.

“हात थरथरला पोरीचा,” पेरिहान घाईघाईने म्हणाली. “एवढ्या जणी बघतायत!”

“थरथरणारच,” नुर्तेन म्हणाली.

मकबुले हालाने त्या गाठीवर अंगठा फिरवला. तिचा चेहरा हळूहळू फुलला. “याला म्हणतात हात! बाकीचं डोळ्यांना टोचतं इतकं गुळगुळीत आहे, पण हा कोपरा बघा. काय जीव आहे यात!” सगळ्या बाया कोपरा बघायला उठल्या, माशाल्ला माशाल्ला झालं, आणि तो चौकोन परत जागेवर शिवायचं काम, डोळे बरे आहेत म्हणून, मुनिरेकडे आलं. तिने शिवला. तिला रडू येत होतं आणि हसूही.

ती टाके घालत असताना हाला तिच्याजवळ वाकली, चौकोन बघायच्या निमित्ताने. “तुला काय वेड लागलं होतं का गं?” ती कुजबुजली. “माझ्या लेकीचं किती सुरेख वाकडं करून दिलं होतंस! लबाडी करायची तर मन लावून करावी. बरं ऐक, नातीचं यंदा ठरवतोय. तिचंही तुझ्याकडेच.”

मुनिरेने दोरा दाताने तोडला. “हात बघावा लागेल. किती वाईट विणते?”

“सुई उलटी धरते, बाई.”

“मग वर्ष लागेल, हाला,” मुनिरे म्हणाली. “एवढं वाईट घाईत जमत नाही.”