कॉफी देणारा खांब

नवरा वारल्यावर टॅबिथा ड्रुएटनं क्लार्कनवेल वस्तीत, पिपिन लेनच्या तोंडाशी कॉफीचा गाडा लावला. पहाटेच ती शेगडी पेटवायची. उजाडेपर्यंत घोडागाडीवाले, छापखान्यातले कामगार, बाजाराला निघालेल्या फुलवाल्या असे सगळे तिच्याभोवती जमायचे. कॉफी काही फार चांगली नव्हती. तिच्यात चिकोरीच्या मुळाची स्वस्त भुकटी सढळ हातानं पडायची. पण कुणाची बायको बाळंत झाली, कुणाचा घोडा लंगडतोय, कुणाच्या घरी चूल पेटली नाही, हे तिला किटली कलती करताना समजायचं.

शेजारी सायलस पॉबजॉय भाजलेले बटाटे विकायचा. दोघांचं रोज वाजायचं.

"मावशी, तुझ्या कॉफीनं गटारातले उंदीर मेले म्हणे."

"तुझे बटाटे खाऊन मेले रे. माझ्याकडे पाणी मागायला आले होते बिचारे, पण तोवर उशीर झाला होता."

त्या ऑक्टोबरात समोरच्या फुटपाथवर एका कंपनीच्या माणसांनी एक लोखंडी खांब रोवला. वर गॅसचा दिवा, खाली पितळी नळ, बाजूला नाणं टाकायची फट आणि साखळीला बांधलेला मग. दिव्याच्याच आचेवर आत पाणी उकळायचं. अर्धी पेनी टाकली की कॉफी, नाहीतर कोको.

पहिल्या दिवशी सगळ्यांची करमणूक झाली. एनॉक ट्रिजेल हा म्हातारा घोडागाडीवाला, छातीनं अधू, बशीत ओतून फुंकर मारत कॉफी पिणारा. त्यानं खांबासमोर टोपी काढली. "काय हो खांबसाहेब, घरचे सगळे बरे?" खांब आतून खडखडला आणि मगात काळं पाणी पडलं. लोक पोट धरून हसले. टॅबिथाला हसू आलं नाही. गॅसचा तो बारीक फुसफुस आवाज तिला रस्त्यापलीकडून ऐकू येत होता, आणि तो थांबत नव्हता.

मग धुकं आलं. लोक मान खाली घालून पलीकडच्या बाजूनं जाऊ लागले. छापखान्यातला एकजण समोर आलाच, तेव्हा ओशाळून म्हणाला, "राग नको मानू, मावशी. तुझ्याकडे आलं की बोलत थांबावं लागतं."

तिनं किटली पुन्हा शेगडीवर ठेवली.

एका सकाळी सायलसची जागा रिकामी दिसली. धंदा बसला म्हणून तो वर्कहाउसात, कंगालांना राबवून जेवू घालणाऱ्या घरात गेला, असं फुलवाल्यांनी सांगितलं. तिथे गेलेला माणूस सहसा बाजारात परत दिसत नसे. पुढच्याच आठवड्यात हवालदार टॅबिथाच्या गाड्यापाशी आला.

"गाडा हलवा, बाई. वाट अडते."

"इतकी वर्षं नाही अडली. आज बरी अडली?"

"खांबाला परवाना आहे. तुम्हाला आहे का?"

गाडा गेला. कंपनीचे लँगरिश साहेब मात्र तिला शोधत घरी आले. खांबात रोज कॉफी भरायची, नळ पुसायचा, मग विसळायचा. माणूस हवं होतं. पोट ऐकत नव्हतं. तिनं किल्ली घेतली आणि एप्रनच्या खिशात टाकली. आता जुनी गिऱ्हाइकं तिच्याकडे बघून नुसती मान हलवायची आणि नाणं टाकायची.

जानेवारीत एका सकाळी धुकं इतकं दाट होतं की दिवा हवेत लटकल्यासारखा दिसत होता. टॅबिथा आली तेव्हा खांबापाशी रांग होती. खाली, खांबाला पाठ टेकून, टोपी डोळ्यांवर ओढून कुणीतरी बसलं होतं. रांगेतली माणसं त्याच्या डोक्यावरून हात लांबवून नाणं टाकत होती.

"पिऊन पडलाय," एकजण म्हणाला. "छापखान्यातल्या पहिल्या पाळीचे लोकही तेच म्हणत होते."

टॅबिथानं टोपी वर केली. एनॉक होता. तिनं गालाला हात लावला. गाल गोठलेला होता. त्याला उचलायला तिनं पाठीमागे हात घातला, तर खांबाला टेकलेली पाठ मात्र ऊबदार होती, जिवंत माणसाची असावी तशी. ती किंचाळली. पलीकडे कडेला त्याचा घोडा गाडीला जुंपलेलाच उभा होता, आयाळीवर पांढरं दव गोठलेलं.

"अरे, पहिल्या पाळीपासून माणूस बसलाय! कुणी हाक तरी मारायची होती रे त्याला!"

मागच्यानं टाकलेलं नाणं आत घरंगळलं आणि एनॉकच्या खांद्याशेजारी मग भरू लागला.

दुपारी तिनं किल्ली लँगरिश साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि विचारलं, "खांबाला काही झालं नाही ना?"

"नाही."

"वाईट झालं हो. पण या किल्लीसाठी बाहेर दोघी थांबल्यात, मिसेस ड्रुएट. विचार करा."

तिनं विचार केला. भाडं होतं, हिवाळा अजून बराच शिल्लक होता. किल्ली तिनं पुन्हा उचलली. त्याबद्दल तिला स्वतःची शरम वाटत राहिली, पण तिनं ती कुणाला बोलून दाखवली नाही.

त्यानंतर ती रोज पहाटे आली की नळाला हात लावण्याआधी खांबाला एक फेरी मारायची आणि वाकून चारी बाजूंना चाचपायची. लोक हसायचे. वसंतात कंपनीनं थेट हॉलबर्नपर्यंत खांब रोवायला घेतले. त्यातल्या काहींच्या किल्ल्या आपल्याला मिळतील का, असं तिनं लँगरिश साहेबांना विचारलं.

"ते नव्या धर्तीचे आहेत, बाई," साहेब खुशीत म्हणाले. "आपले आपण धुतले जातात. त्यांच्याजवळ माणूस लागतच नाही."