वाघिणीच्या वाटेवरची झोळी

मी पहिल्यापासूनच भित्री. चांदा जिल्ह्यातल्या जंगलाच्या गावात सून म्हणून आले, तेव्हा देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. अंगणात पान वाजलं तरी मी दचकायची आणि मोठी जाऊ मला मनसोक्त चिडवायची. तोंडाची फटकळ, पण जीव लावणारी बाई.

गावाखालच्या नाल्यात भर उन्हाळ्यातही पाणी असायचं, जांभळांची गच्च सावली असायची. वाघीण तिथंच व्यायची. ती आहे म्हणून रानडुकरं आमच्या धानाकडे फारशी फिरकत नसत, हे गावाला पक्कं ठाऊक होतं. तिची पिल्लं लहान असली की नाल्यात कोणी बकरीसुद्धा नेत नसे. बाळंतिणीच्या खोलीत कोणी शिरतं का, असं जाऊ म्हणायची.

मोहफुलं पडायच्या आधी झाडाखालचा पाला जाळायचा, ही आमच्याकडची रीत. साफ जागेवर फुलं वेचायला सोपी जातात. त्या वर्षी वाघीण व्याल्याचं अजून गावात कोणाला कळलं नव्हतं. त्या दुपारी आम्ही दोघी नाल्याजवळच्या मोहाखाली गेलो. वारा गावाकडे वाहत होता. माझ्या तान्ह्याला धूर लागू नये म्हणून मी त्याची झोळी नाल्याच्या बाजूच्या पळसाला बांधली. जावेनं पाला पेटवला.

आणि मेला वारा फिरला. आग वाळल्या गवतात शिरली आणि पळसाला बाजूला ठेवून सरळ नाल्यात उतरली. डहाळ्यांनी झोडपून ती थोडीच ऐकते! मी लेकराकडे धावले, तोच जावेनं मला मागं ओढून मोहाच्या बुंध्याआड दाबलं. नाल्यातून वाघीण वर येत होती. तोंडात पिल्लू.

ती झोळीखालूनच गेली. मी सुटायला धडपडले. जाऊ कानाशी म्हणाली, "हालू नोको. तिले तिचं लेकरू वाचवाचं हाय, तुह्याकडे नाई पाहाची ते."

पळसापलीकडच्या खडकात पिल्लू ठेवून ती परत धुरात शिरली. दुसरं आणलं. पुन्हा गेली. मी उठू पाहिलं, पण ती कधी वर येईल याचा नेम नाही म्हणून जावेनं मला सोडलं नाही. या खेपेला बराच वेळ लागला आणि ती आली ती रिकाम्या तोंडानं.

नेमकं तेव्हाच माझं बाळ रडायला लागलं. वाघीण थबकली. झोळीखाली उभी राहून वर बघत राहिली. देवा, मला घे पण त्याला सोड, एवढंच मी मनात म्हणत होते. जावेची नखं माझ्या दंडात रुतली होती. मग वाघीण वळली आणि खडकाकडे निघून गेली.

मी धावत जाऊन लेकराला काढलं. गावाच्या वाटेला लागेपर्यंत मागं पाहिलं नाही, तिथंच बसून त्याला अंगावर घेतलं. खडकाकडून वाघीण नाल्याकडे हाका मारत होती. माझं लेकरू पोटभर प्यालं, झोपलं. तिच्या हाका चालूच होत्या.