मेला की सुटला

शहापुरातल्या आमच्या घरी दोन माग होते. एक वडिलांचा, एक काकाचा. पण काका मागावर कमी आणि गुत्त्यात जास्त सापडायचा. घरातलं रेशीम चोरून विकून तो दारू प्यायला, तेव्हा काकू बेळगुंदीला माहेरी निघून गेली. वडिलांनी त्याला ओसरीच्या आत येऊ देणं बंद केलं.

मी दहा-अकरा वर्षांची असताना प्लेग आला. उंदीर पडू लागले तशी आमची गल्ली घरं सोडून शेतात खोपटी घालून राहिली. शेजारची विधवा तेवढी तापानं घरातच पडून होती. तिच्या लेकीला आई आमच्याबरोबर घेऊन आली होती. बाईपाशी जायला मात्र कुणी तयार होईना.

"मी जातो," काका म्हणाला.

वडील भडकले. "गेलास तर परत आमच्यात येऊ नगोस!"

"अण्णा, आता तरी कुठं घेतोयस?"

तो गेला. बाईला पेज पाजली, तिची लुगडी धुतली. लोक नाही नाही ते बोलले. वडील मात्र रोज सकाळी गल्लीच्या तोंडाशी भाकरी ठेवायचे, हाक मारायचे आणि मागं फिरायचे. बाई उठली, आणि काका पडला. मग तीच त्याच्या उशाशी बसून राहिली. काकाही वाचला.

वडिलांनीच त्याला आमच्या खोपटात आणलं. तो तिथं पडून असताना माझी थोरली बहीण आक्का एक जुनी कादंबरी वाचून दाखवायची. तिच्यातला एक लबाड माणूस शेवटी मित्रासाठी जीव देतो. आई पदरानं डोळे पुसू लागली. काका मात्र चिडला.

"मेला की सुटला त्यो! दुसऱ्या दिशी उठून लोकांस्नी तोंड दावायचं असतं, म्हंजे कळलं असतं."

वडील हसले. त्याच्याशी बोलताना ते किती वर्षांनी हसले असतील! "मग तू दाव की रं," ते म्हणाले.

अंगात थोडं बळ येताच काका बेळगुंदीला चालत गेला. काकूनं दारातूनच परत पाठवलं. तो पुन्हा गेला, सुगीत तिच्या बापाच्या शेतात भात कापत राहिला. प्लेग ओसरला, आम्ही घरी परतलो. एकदा बाजारच्या दिवशी पिऊनही आला, आणि दुसऱ्या दिवशी खाली मान घालून मागावर बसला.

काकू आली ती संक्रांतीच्या आधी. हातपाय धुऊन रहाटापाशी बसली आणि काकाच्या मागासाठी रेशीम गुंडाळून कांड्या भरू लागली.