भाकरीच्या थापेवर पाठ केलेलं इंग्रजी

काय विसराळूंनो, ही म्हातारी अजून जिवंत हाय, आठवतंय का? मी सांगतेय, सून मोबाईलवर आपल्या गल्लीच्या ग्रुपात लिहितेय.

नववीतल्या नातीला लांब इंग्रजी शब्द जमत न्हाईत. मला अक्षरओळख न्हाय, पण भाकरी थापताना मी तिला एका थापेला शब्दाचा एक तुकडा बसवून दिला. रे-फ्रि-ज-रे-टर.

आज परीक्षेत पोरगी तसाच बाक थापटत बसली. बाईंनी दंगा समजून पेपर काढून घेतला. नापास झाली तर शाळा बंद, हे तिच्या बापानं आधीच सांगितलंय.

"आजी, तुझ्यामुळं न्हाय गं," म्हणून तीच माझी समजूत काढते. त्यानं जास्तच लागतं.

तुमी काय केलं असतं? उपदेश ठेवा तुमच्यापाशी. पोरगी सकाळपासून उपाशी हाय, माझ्या भाकरीला हात लावत न्हाय, शेंगाच्या पोळ्या पाठवा.