साडभाऊंची बॅटरी

आमच्या साडभाऊंइतका गाडीवर जीव टाकणारा आणि त्याच प्रेमानं तिचा जीव घेणारा माणूस अख्ख्या घुग्घुसात दुसरा नसेल. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. खाणींच्या कोळशाची धूळ बसू नये म्हणून गाडीवर आधी चादर, वर ताडपत्री. रोज सकाळी दोन्ही काढून गाडी पुसतात आणि पुन्हा झाकतात. चालवत मात्र नाहीत. "ट्रक किती हायेत, भाऊ! एखादा घासून गेला तं?" मग उभ्या उभ्या बॅटरी उतरते आणि फोन मला येतो. मी माझी गाडी नेऊन तिच्या बॅटरीवरून वायरी लावायच्या, यांची गाडी घुरघुरली की यांनी बॉनेटला नमस्कार करायचा आणि लगेच बंद करायची. कप्पाळ! तासभर रस्त्यावर फिरवल्याशिवाय बॅटरी भरत नाही, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. "अंगनात चालू होती ना! तवा का झोपली होती ते?" असं वर मलाच विचारतात.

त्यांच्या लेकीच्या, प्रांजलच्या लग्नात तर कहर झाला. "पोरगी माह्याच गाडीत सासरी जाईन," हे त्यांनी गावभर सांगून ठेवलेलं. सासर गडचांदूरचं, तासाभराच्या वाटेवरचं. सकाळी मी वायरी लावून गाडी चालू करून दिली, जरा फिरवून आणा म्हणून हात जोडले. या शहाण्यानं काय करावं? गाडी मांडवासमोर लावली, इंजिन बंद केलं, सजावट दिसावी म्हणून दिवे लावले आणि पाहुण्यांना गाडीतली गाणी ऐकवत बसले.

बिदाईला त्यांच्या पुतण्यानं चावी फिरवली तर नुसतं टक्. आत बसलेली पोरगी रडायची थांबली. वऱ्हाडी फिदीफिदी हसले आणि नवरदेवाच्या मामानं आपल्या गाडीचं दार उघडलं. साडभाऊंच्या तोंडाकडे बघवेना. "थांबा ना जी," एवढंच ते म्हणाले. मी मनात शिव्या घालत वायरी लावल्या, गाडी चालू झाली, आणि बजावलं, "आता गडचांदूर येईपर्यंत बंद करायची नाही!" तशी चालवायला बसलेल्या पुतण्याला उतरवून ते स्वतःच बसले. मुलीच्या पाठवणीला बाप जात नसतो, असं सगळे ओरडले. "दुसऱ्याच्या हातानं बंद पडन ते," म्हणत हे निघालेसुद्धा. मागून वायरी घेऊन मी.

पोरीला दारात उतरवलं. व्याही आत बोलवायला आले तर, "गाडी चालू हाय ना जी, बंद कराले जमत नाई," म्हणत स्टिअरिंग धरून डोळे पुसत राहिले.

आता बॅटरी उतरत नाही. दर रविवारी ताडपत्री काढून साडभाऊ गडचांदूरला जातात. विचारलं तर म्हणतात, "बॅटरी चार्ज कराले." प्रांजल चहा बाहेर आणते आणि हा माणूस इंजिन चालू ठेवून गाडीतच पितो. परवा मी वैतागून म्हटलं, "अहो, भरली आता बॅटरी. बंद करून घरात जात जा की!"

"आत गेलो तं निघनं होत नाई, भाऊ," ते म्हणाले, आणि गाडी पुसायला लागले.