शंभर केबीत न मावलेली भेग

वाघ बघायला निघालो आणि भेग बघून आलो. दोन हजार सहाच्या डिसेंबरात नवा डिजिटल कॅमेरा गळ्यात अडकवला आणि ताडोबाआधी धानोऱ्याचं जंगल बघू म्हटलं. चंद्रपूरहून एसटीने मूलमार्गे गडचिरोली, तिथून धानोऱ्याची गाडी. मूलच्या स्टँडवर तर्रीपोहे जरूर खा, पण अर्धीच प्लेट. दुसरी अर्धी खाल्लीत तर पुढचा रस्ता ती बाहेर काढतो.

धानोऱ्याअलीकडच्या एका गावात तलावावर मासे धरणारे रामाभाऊ भेटले. कॅमेरा पाहून त्यांनी मला थेट तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, नेलं. दगडी पाळीला हातभर भेग, त्यातून पाणी धो धो.

"मासोळी जाऊन राह्यली, भाऊ. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत तीनदा अर्ज केला. सायब म्हणते, फोटो पाठवा. तलाव रिकामा झाला तं आमी खाऊ काय?"

फोटो काढला. गडचिरोलीच्या सायबर कॅफेतून कचेरीला मेल केला, तो परत आला: शंभर केबीच्या वर घेत नाही. मग मी जेपीईजी लहान केला, जतन केला. अजून लहान, पुन्हा जतन. सगळं त्याच फाइलवर. शेवटी एकदाचा मेल गेला. शिवाय वाघासाठी जागा हवी म्हणून कॅमेऱ्याचं कार्डही पुसलं! दर जतनाला जेपीईजी थोडं चित्र खातो, हे कॅमेऱ्याच्या पुस्तकात होतं. ते उघडतो कोण?

दुसऱ्या दिवशी कचेरीत बाबूंनी पडद्याला नाक लावलं. "भेग कुठी आहे? मले तं चौकोन दिसून राह्यले. मूळ फोटो आणा."

"अहो, तुमच्याच अटीपायी लहान केला!"

"अट वरून आली आहे."

वर पंखा होता. तोही बंद.

तणतणत पुन्हा धानोऱ्याची गाडी धरली. पाळीवर पोचतो तर भेग गायब! गावाने माती आणि तणस कोंबून ती बुजवली होती.

"तुमच्या फोटोसाठी मासोळी थांबते का?" रामाभाऊंची बायको म्हणाली.

"पावसाळ्यात हे वाहून जाईन," रामाभाऊ म्हणाले. "फोटोपुरती पुन्हा फोडू का, भाऊ?" ते हसत नव्हते.

नको म्हणालो. बुजवलेल्या जागेचाच फोटो काढला.

घरी आल्यावर शहाणपण सुचलं, तुम्ही आधीच घ्या: मूळ फाइलला हात लावू नका, काटछाट चित्र न खाणाऱ्या टिफमध्ये करा, पाठवायचा जेपीईजी शेवटी एकदाच बनवा. बुजवलेल्या जागेच्या फोटोचा टिफ मी सीडीवर घालून, सविस्तर पत्रासह कचेरीला पोस्टाने पाठवला. इतका स्वच्छ, की ओल्या मातीत उमटलेली रामाभाऊंची बोटं मोजता यावीत.

यावेळी फोटो उघडला. उत्तरही आलं: 'पाळ दुरुस्त असल्याचे स्पष्ट दिसते. प्रकरण बंद.'